घरी टेबल सॉ घेताना: आधी स्विच बघा, मग रायव्हिंग नाइफ, मोटर नंतर

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्यावर लाकूड चिरायची मशीन, घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिल्यांदा विचारतो, मोटर किती एचपीची. खेड्यात मशीन चालवायची असेल तर त्याआधी एक गोष्ट विचारा: लाईन गेली आणि परत आली, तर पातं आपोआप फिरायला लागेल का?

गावात लाईन सांगून जात नाही. फळी अर्धी चिरून झालेली असते, पातं थांबतं, माणूस लाकूड तसंच अडकलेलं ठेवून पाणी प्यायला जातो. साधा खटका चालूवरच राहतो. लाईन आली की पातं त्या अडकलेल्या लाकडासकट सुटतं, आणि तेव्हा टेबलाजवळ कोण उभं असेल याचा नेम नसतो. कधी लाकूड सोडवायला हात घातलेला कारागीर असतो, कधी घरातलं लेकरू.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे, नो-व्होल्ट स्विच. त्यात एक चुंबकी कॉइल असते. लाईन गेली की कॉइल सुटते आणि खटका बंदवर जातो. लाईन परत आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत मशीन हलत नाही. दुकानात याची परीक्षा एका मिनिटात होते. मशीन चालू करा, चालू असतानाच भिंतीवरचं बटण बंद करा, पातं पूर्ण थांबू द्या आणि मग भिंतीवरचं बटण पुन्हा चालू करा. मशीन सुरू झाली, तर ती कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका. बंद करायचं लाल बटण मोठं आणि समोर हवं, दोन्ही हात लाकडावर असताना गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल असं.

एक फसगत इथेच होते. व्होल्टेज फार पडलं की नो-व्होल्ट स्विच टिकत नाही, सारखा सुटतो. मग कोणीतरी बटणात काडी खोचतं किंवा चिकटपट्टी लावतं. स्विच सुटतोय याचा अर्थ लाईन मोटरच्या कामाची नाही एवढाच. दोष लाईनचा आहे, काडी खोचून तो जात नाही.

आता रायव्हिंग नाइफ. पात्याच्या मागे उभी असलेली ही पोलादी पट्टी काय करते हे नीट समजून घ्या, कारण टेबल सॉवर लाकूड उलटं फेकलं जातं ते बहुतेक वेळा ती नसल्यामुळे. लाकडाच्या पोटात ताण असतो. बाभूळ आणि कडुनिंबात तो जास्त, घाईने वाळवलेल्या सागातही असतो. फळी चिरत गेली की तिचे दोन भाग मागे मिटतात आणि पात्याला चिमटतात. पात्याची पुढची बाजू खाली जाते, मागची वर येते. मागच्या दातांनी लाकूड धरलं की ते उचललं जाऊन सरळ तुमच्या पोटाकडे येतं. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग सेकंदाला साधारण ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर पडतो. तेवढ्या वेळात हात मागे घेणं कोणालाच जमत नाही. ही पट्टी चिरेत राहून दोन भागांना मिटूच देत नाही.

दुकानदार कधी कधी साधा स्प्लिटर दाखवतो आणि दोन्ही एकच म्हणतो. ते एक नाहीत. स्प्लिटर टेबलाला पक्का बसवलेला असतो. रायव्हिंग नाइफ पात्याबरोबर वर-खाली होते, तिरकं कापतानाही सोबत कलते. हँडल फिरवून स्वतः पाहा. पातं वर-खाली केलं तरी पट्टी आणि दात यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं पाहिजे. ते ३ ते ८ मिमीच्या दरम्यान हवं, आणि पट्टीचं टोक पात्याच्या टोकापेक्षा किंचित खाली. तसं असेल तर फळीला खाच पाडतानाही पट्टी काढावी लागत नाही.

जाडीचा हिशेबही आहे. पट्टी पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि चिरेपेक्षा, म्हणजे दातांनी पडणाऱ्या फटीपेक्षा, बारीक हवी. चीर २.६ मिमी आणि पत्रा १.८ मिमी असेल तर २.२ किंवा २.३ मिमीची पट्टी बरोबर. जाडी पट्टीवरच कोरलेली असते. नंतर बाजारातून स्वस्तातलं १.८ मिमी चिरेचं पातं आणून बसवलं की लाकूड पट्टीवर अडतं. माणूस जोर लावतो, वैतागतो, पट्टी काढून फेकतो, आणि मशीनमधली सगळ्यात मोलाची वस्तू जाते. म्हणून नवं पातं घेताना जाडी मोजायचा व्हर्निअर सोबत न्या आणि दातांची जाडी मोजा.

वरचा पारदर्शक गार्ड आणि लाकूड मागे येऊ न देणारे दातेरी पंजे यांचं एकच बघा: ते पान्याशिवाय अर्ध्या मिनिटात काढता-घालता येतात का? दुकानातल्या माणसाला करून दाखवायला सांगू नका, स्वतः करा. जो गार्ड बसवायला पाच मिनिटं आणि दोन स्क्रू लागतात, तो महिन्याभरात भिंतीच्या खिळ्याला टांगलेला दिसतो.

बोट लागताच थांबणाऱ्या पात्याबद्दल आता बरेच जण विचारतात. हे तंत्र खरं आहे. अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ साली ते काढलं आणि पुढे सॉस्टॉप नावाने त्याच्या मशीन आल्या. पात्यातून एक बारीक विद्युत संकेत वाहत असतो. ओलसर कातडी लागली की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो. पातं ५ मिलिसेकंदांच्या आत थांबतं, म्हणजे ४००० फेऱ्यांच्या वेगाला सुमारे एक तृतीयांश फेरा. बोट जायच्या जागी ओरखडा राहतो.

पण घेण्याआधी तीन गोष्टी तोला. ठोकळ्याचं कार्ट्रिज एकदाच चालतं आणि त्याबरोबर पातंही बहुधा जातं, तेव्हा सुटं कार्ट्रिज कुठे आणि किती दिवसांत मिळेल ते आधी पक्कं करा. दुसरं, ओलं लाकूड वीज वाहतं. धुऱ्यावरचा कडुनिंब पाडून आठ दिवसांत चिरायला घेतला तर पातं उगाच थांबू शकतं. त्यासाठी संवेदन तात्पुरतं बंद करायची सोय असते, पण ती वापरली की तेवढा वेळ मशीन साधी झाली. जुन्या वाड्याच्या सागाच्या चौकटीत मोडलेले खिळे असतात, तेही ब्रेक सोडवू शकतात आणि पात्याचे दात तर नक्की तोडतात. लाकडावर चुंबक फिरवल्याशिवाय ते टेबलावर घेऊ नका. तिसरं, अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मशीन मागवायचा मोह टाळा. तिकडची घरगुती मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते, आपली लाईन २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरेल, हर्ट्झ बदलत नाही, आणि बिघाड झाला तर इथे दुरुस्ती कोण करणार? २३० व्होल्टचं मॉडेल आणि गाठता येईल असं सर्व्हिस सेंटर दोन्ही असेल तरच यात पैसे घाला. आमच्या मते स्विच, पट्टी, गार्ड आणि नीट वायरिंग झाल्यावर पैसे उरले तर हे घ्यावं. ब्रेक बोट वाचवतो, उलटं येणारं लाकूड अडवत नाही.

फेन्स म्हणजे चिरताना लाकूड जिला टेकवून सरकवतात ती बाजूची कड. फेन्स सरळ नसेल तर वरचं सगळं वाया. फेन्स लॉक करा आणि मागचं टोक बोटाने बाजूला ढकला, हलायला नको. मग मायटर गेज, म्हणजे आडव्या कापाला लाकूड धरून सरकवायचं साधन, टेबलातल्या ज्या खाचेत चालतं त्या खाचेपासून फेन्सपर्यंतचं अंतर पुढे आणि मागे मोजपट्टीने मोजा. दोन्ही सारखं हवं. मागे किंचित जास्त चालेल, कमी अजिबात नाही, कारण मागे आवळणारा फेन्स लाकूड पात्यावर दाबतो. मशीनचा प्लग काढून पात्याच्या एका दातावर पेन्सिलने खूण करा आणि तोच दात पुढे आणून, मग मागे नेऊन खाचेपासूनचं अंतर मोजा. म्हणजे पातं खाचेला समांतर आहे का ते कळतं. दुकानदाराला घाई असेल तर दुसरं दुकान बघा. अमरावती, अकोला, नागपूर, कुठूनही घेतलं तरी मोजून घेण्याला पर्याय नाही.

फॅब्रिकेशनवाल्याकडून अँगलचा टेबल बनवून त्याखाली हातातली सर्क्युलर सॉ उलटी बसवण्याची पद्धत गावोगावी आहे. त्यात पट्टी नसते, गार्ड नसतो आणि खटका बांधून चालूवर ठेवलेला असतो. ४ इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावणं त्याहून वाईट. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असलीच पाहिजे.

आता वायरिंग, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. २ एचपीची इंडक्शन मोटर चालताना सुमारे १० अँपिअर घेते आणि सुरू होताना पाच-सहा पट ओढते. घरातून अंगणातल्या शेडपर्यंत ३० मीटर लांब १ चौरस मिमीची वायर टाकली तर चालताना ११ व्होल्ट पडतात, सुरू होताना ५० व्होल्टच्या वर. २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत हेच आकडे ४ आणि २२ होतात. त्यात संध्याकाळी लाईनच १९० व्होल्टवर आली असेल तर मोटरचं बळ दोन तृतीयांशावर येतं, कारण ते व्होल्टेजच्या वर्गाने घटतं. पातं लाकडात दमतं, माणूस जोराने ढकलतो आणि हात घसरतो. मल्टिमीटर लावून बघा. २०० च्या खाली असेल तर चिरकाम सकाळवर टाका.

शेडमध्ये १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाईन तोडणारा खटका, बसवा. अर्थिंग खरं आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. त्याने फेज आणि अर्थ यांच्यात ६० वॅटचा बल्ब धरला की आरसीसीबी लगेच पडली पाहिजे. बल्बही लागला नाही आणि आरसीसीबीही पडली नाही, तर अर्थिंग नुसतं नावाला आहे. शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर मशीन लावू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो.

गोल लाकूड या मशीनवर चिरायचंच नाही, ते पात्यावर गडगडतं. परवाना असलेल्या सॉ मिलवरून फळ्या पाडून आणा आणि वाळवून घ्या. पाती दोन पुरतात: सागाच्या फळ्या लांबीत चिरायला २४ दातांचं, प्लायला आणि आडव्या कापाला ६० दातांचं, दोन्ही कार्बाइड टोकांची. सागात सिलिका असते, धार लवकर जाते. कापलेली कड काळपट, जळल्यासारखी दिसू लागली की पातं धारेला द्या. सागाच्या भुशाने अंगाला खाज येते आणि छातीलाही त्रास होतो, म्हणून एन-९५ मास्क लावूनच चिरा.

मशीन घरी आली की पहिल्या दिवशी १२ मिमी प्लायच्या दोन ढकलकाठ्या कापा. लांबी ४० सेंमी ठेवा आणि टोकाला फळीची कड धरणारी खाच पाडा. एक वापरात राहील, दुसरी फेन्सवर टांगून ठेवा. पातं आणि फेन्स यांच्यात १५ सेंमीपेक्षा कमी जागा असेल तर हात नाही, काठीच. पातं फळीच्या वर जेमतेम ५ मिमी निघेल एवढंच उचला. पात्याच्या रेषेत न राहता डावीकडे उभे राहा. हातमोजे घालू नका. उन्हासाठी गळ्याला बांधलेला दुपट्टा सोडून खुंटीला लावा, आणि मगच हिरवं बटण दाबा.