सोलापूरच्या उन्हाळ्यातही वर्षानुवर्षे टिकेल असा लॅपटॉपचा प्रोसेसर कसा निवडावा

लॅपटॉपची स्टोरेज आणि काही मॉडेलमध्ये रॅमही पुढे वाढवता येते. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपची सगळी कामे करणारी मुख्य चिप, मात्र मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेला असल्याने खरेदीच्या दिवशी जो मिळाला तोच शेवटपर्यंत वापरावा लागतो. म्हणून सहा-सात वर्षांच्या हिशेबाने लॅपटॉप घेणाऱ्याने सर्वाधिक चौकशी याच भागाची करावी.

सोलापूरच्या नवी पेठेत चौकशी करा किंवा ऑनलाइन मागवा, 'आय५ आहे' किंवा 'रायझन ५ आहे' एवढ्यावर व्यवहार ठरवू नये. पूर्ण मॉडेल क्रमांक मागून घ्यावा. इंटेलच्या आय५-१३३५यू या नावात १३ ही पिढी आहे आणि शेवटचे 'यू' हे अक्षर कमी विजेवर चालणारा प्रोसेसर दर्शवते. रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या ७००० मालिकेत तिसरा अंक महत्त्वाचा, कारण चिपची आतली रचना (तिचे नाव 'झेन') कितवी आहे ते तो सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे जुळी वाटतात. पण पहिल्यात २०१९ सालच्या झेन २ रचनेचे चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, तर दुसऱ्यात झेन ३ रचनेचे सहा. शिवाय ७५२०यूसोबतची रॅम बोर्डवरच जोडलेली असते, त्यामुळे ८ जीबीचे मॉडेल घेतल्यास ते कायम ८ जीबीच राहते. दीर्घ वापरासाठी ७५३०यू घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिढीकडे लक्ष द्यायचे आणखी एक कारण आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचे प्रोसेसर ग्राह्य धरले आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. त्यामुळे सातव्या पिढीचे, अजून नीट चालणारे असंख्य लॅपटॉप अधिकृत अपग्रेडला मुकले. जुनी पिढी स्वस्तात मिळत असली, तरी तिची उरलेली वर्षे मोजूनच किंमत ठरवावी.

आता उष्णतेचा विचार, जो आपल्याकडे टाळून चालत नाही. बरेच प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग कमी करतात. खोलीत २५ अंश असतील तर उष्णता बाहेर टाकायला ७५ अंशांचा फरक मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात ४२ अंश झाले की तो ५८ वर येतो, म्हणजे जवळजवळ पाव भाग कमी होतो. नावाच्या शेवटी 'एच' असलेल्या, जास्त ताकदीच्या मालिकेतील अनेक प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ४५ वॅट असते, तर 'यू' मालिकेत ती बहुधा १५ वॅट असते. व्हिडिओ एडिटिंग किंवा त्रिमितीय डिझाइन रोज करावे लागत नसेल, तर 'यू' पुरेसा आहे आणि लोडशेडिंगच्या वेळी बॅटरीही जास्त पुरते. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांजवळ राहणाऱ्यांनी पंख्यात साचणारी सुताची धूळ ठरावीक काळाने काढून घ्यावी. पलंगावर चादरीवर ठेवून लॅपटॉप वापरू नये. हवा ओढण्याच्या खालच्या जाळ्या त्याने बंद होतात.

इंटेलच्या एन१०० सारखे केवळ छोटे, कमी ताकदीचे कोअर असलेले प्रोसेसर टायपिंग आणि ऑनलाइन अर्ज भरण्यापुरते चांगले आहेत, सात वर्षांच्या सर्वांगीण वापरासाठी नव्हेत.

पैसे देण्यापूर्वी लॅपटॉप सुरू करून सेटिंग्जमधील सिस्टिम आणि त्यातील अबाउट उघडावे, तिथे दिसणारे प्रोसेसरचे पूर्ण नाव खोक्यावरील नावाशी ताडून पाहावे आणि तेच नाव बिलावर लिहून घ्यावे.