घरची अलॉय कंपनी आणि दुसरा प्लांट: सुरुवात कुठून करायची

भंगार वितळवून अॅल्युमिनियम, पितळ, झिंक यांचे अलॉय, म्हणजे मिश्रधातू, बनवायचा घरचा धंदा असतो. ऑर्डरी वाढल्या, भट्टी तीन शिफ्ट चालू आहे, पुढची पिढी शिकून धंद्यात आलीय, की घरात विषय निघतोच, दुसरा प्लांट टाकूया का. आणि पहिली चर्चा कशावर होते तर भट्टी किती टनाची घ्यायची यावर. माझ्या मते हा प्रश्न पाचवा-सहावा यायला पाहिजे. घरच्या धंद्यात पहिला प्लांट चालतो तो अर्धा मशिनवर आणि अर्धा दोन-तीन माणसांच्या डोक्यातल्या गोष्टींवर. कुठलं भंगार कुणाकडून घ्यायचं, कुठल्या हीटला, म्हणजे भट्टीच्या एका घाण्याला, सिलिकॉन थोडं जास्तच धरायचं, कुठल्या गिऱ्हाइकाला कागदावर लिहिलंय त्यापेक्षा आयर्न (लोखंड) कमी लागतं, हे सगळं काकांना नाहीतर जुन्या भट्टीवाल्याला माहीत असतं आणि लिहिलेलं कुठेच नसतं. मशिन विकत मिळतं, हे मिळत नाही. म्हणून सगळा प्लॅन या बाजूने लावायचा.

पण त्याच्याही आधी बघा की प्लांट खरंच लागतोय का. महिनाभर प्रत्येक हीटच्या वेळा लिहायला लावा, पॉवर कधी दिली, चार्ज (भट्टीत टाकायचा माल) टाकून कधी संपला, सॅम्पल कधी गेलं, लॅबचा रिझल्ट कधी आला, ओतायला कधी सुरुवात झाली. बऱ्याच ठिकाणी असं दिसतं की भट्टी वितळवण्यात कमी आणि वाट बघण्यात जास्त वेळ घालवते, कधी लॅबची वाट, कधी क्रेनची, कधी इनगॉटची (ओतलेल्या धातूच्या विटांची) लाइन भरलेली म्हणून. वितळलेला माल भट्टीतच पडून राहत असेल तर एक होल्डिंग फर्नेस (वितळलेला माल नुसता गरम धरून ठेवणारी भट्टी) घालून जुन्याच जागेत बरंच उत्पादन वाढतं, त्यासाठी जमीन घ्यायची गरज नसते. हे करूनही कमी पडत असेल तर मात्र प्लांट टाकायचा, आणि मग मागे हटायचं नाही.

आता नवीन जागी बनवायचं काय. इथे लोक म्हणतात दोन्हीकडे सगळंच बनवू म्हणजे लवचिकता राहील. मी म्हणेन अजिबात नको, अलॉयची एक फॅमिली उचला आणि ती पूर्ण तिकडे न्या. कारण या धंद्यात खरा शत्रू मिसळ आहे. झिंक-अॅल्युमिनियमच्या डायकास्टिंग (साच्यात दाबाने ओतायच्या) अलॉयमध्ये शिसं, कथील आणि कॅडमियम यांची मर्यादा टक्क्याच्या हजाराव्या भागात मोजतात, कारण ते जास्त झालं तर पार्ट आतून दाण्यांच्या कडेने कुजत जातो आणि काही काळाने फुगून तडकतो. उलट बाजूला शिसं असलेल्या टिन ब्राँझमध्ये थोडंसं अॅल्युमिनियम किंवा सिलिकॉन गेलं की कास्टिंग प्रेशरला गळायला लागतं. म्हणजे एकाचा मसाला तो दुसऱ्याचं विष. एकाच शेडखाली हे दोन्ही चालवायचं असेल तर भट्टी, लॅडल (ओतायचा डोल), ढवळायची हत्यारं, फ्लक्स (मळी काढायची पावडर), झाडू सुद्धा वेगळे लागतात, आणि रात्रपाळीला कोण बघणार. त्यापेक्षा फॅमिलीच वेगळ्या जागी न्या.

मग येतं चार्ज मिक्स लिहून काढायचं काम, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा असं मी सांगेन. अॅल्युमिनियमवाल्यांचं उदाहरण घ्या. वितळलेल्या अॅल्युमिनियममधून आयर्न परवडेल अशा पद्धतीने काढून टाकता येत नाही, ते फक्त पातळ करता येतं. समजा भंगाराचं मिक्स 1.2 टक्के आयर्नचं आहे आणि गिऱ्हाइकाला 0.8 पाहिजे, आणि तुमच्याकडे 0.1 टक्का आयर्नचा प्रायमरी इनगॉट, म्हणजे भंगाराचा नाही तर नव्या मेटलचा, आहे, तर हिशोब केल्यावर 100 किलोत जवळपास 36 किलो प्रायमरी टाकायला लागतो. जुन्या प्लांटमध्ये हे कधी जाणवलंच नाही, कारण कमी आयर्नचं भंगार नेमकं कुठून उचलायचं ते काकांना माहीत होतं. नवीन जागेला दुसरं भंगार येणार, तिथे तोच रेट धरून काढलेला प्रॉफिट कागदावरच राहतो. म्हणून प्रत्येक ग्रेडसाठी लिहा, कुठल्या प्रकारचं भंगार, त्याची नेहमीची केमिस्ट्री (त्यात कुठला धातू किती टक्के), मेल्ट लॉस, म्हणजे वितळताना होणारी घट, किती जाते, वरून कुठला धातू कुठल्या क्रमाने आणि किती तापमानाला. पितळ करणाऱ्यांना क्रम वेगळा सांगायला नको, झिंक 907 डिग्रीला उकळतं आणि तांबं वितळतं 1085 ला, त्यामुळे झिंक शेवटी टाकतात आणि उडून जाणार म्हणून थोडं जास्त धरतात. पण जास्त म्हणजे किती, ते जुन्या भट्टीवाल्याच्या हातात असतं. त्याच्या शेजारी एका तरुण इंजिनिअरला वही घेऊन बसवा, आणि म्हाताऱ्याचा मान राखून बसवा, नाहीतर तो अर्धंच सांगेल.

आता भट्टी. एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. तांबं जास्त तापमानाला वितळतं म्हणून त्याला वीज जास्त लागेल असं वाटतं, पण टनामागे बघितलं तर अॅल्युमिनियमलाच जास्त उष्णता लागते. अॅल्युमिनियम वितळवून ओतायच्या तापमानाला न्यायला थिअरीत टनाला साधारण 300 युनिटच्या वर, आणि तांब्याला 200 च्या आसपास. प्रत्यक्षात भट्टीत यापेक्षा बरंच जास्त जातं, ते भट्टीच्या प्रकारावर आणि झाकण किती वेळ उघडं ठेवता यावर. त्यामुळे वीज जोडणीचा लोड ठरवताना जुन्या प्लांटच्या बिलावरून भागाकार करून काढू नका, मेटल बदलत असेल तर आकडाच बदलतो.

इंडक्शन (विजेची भट्टी) की गॅस हा वाद घरात चालतो तो बहुतेक आवडीनिवडीवर. ठरवायचं भंगारावरून. टर्निंग, बोरिंग (मशिनिंगचा कीस) असा बारीक माल ज्वाळेखाली टाकला की जळून ड्रॉस, म्हणजे वर तरंगणारी मळी, होतो, इंडक्शनमध्ये तो ढवळून आत ओढला जातो म्हणून लॉस कमी, पण तेलकट किंवा ओला माल तिथे चालत नाही, आधी वाळवायला लागतो. मोठे जड तुकडे असतील आणि एकच ग्रेड दिवसरात्र असेल तर गॅसवरची रिव्हर्ब भट्टी (ज्वाळा वरून मालाला तापवते ती) बरी. घरचाच ड्रॉस भरपूर निघत असेल तर ड्रॉसमधलं मेटल परत काढायला सॉल्ट टाकून चालवायची टिल्टिंग रोटरी (वाकवता येणारी फिरती भट्टी) पुढे कधीतरी घ्या, पहिल्या दिवशी नको, तिचा सॉल्ट केक (उरलेलं मीठ आणि मळी) कुठे टाकायचा हा वेगळाच व्याप आहे. आणि टनेज ठरवताना हील धरा, म्हणजे भट्टी चालू ठेवायला तळात जो माल राहू देता तो. तो ना विकता येतो ना लवकर बदलता येतो, ग्रेड बदलताना तोच आडवा येतो. छोट्या छोट्या ऑर्डरी जास्त असतील तर एका मोठ्या भट्टीपेक्षा दोन छोट्या बऱ्या.

परवानग्यांचं थोडक्यात. प्रदूषणाची, विजेची आणि फायरची फाइल जमिनीच्या व्यवहाराच्या सोबतच लावा. आणि धूर ओढणाऱ्या बॅगहाउसची जागा लेआउटमध्ये आधी काढा, नंतर घालायला गेलं की क्रेनच्या आड येतं.

लेआउटमध्ये मी सगळ्यात कडक असेन ते पाण्यावर. पाण्याची वाफ झाली की आकारमान 1600 पटीच्या वर जातं, आणि वितळलेल्या मेटलच्या खाली अडकलेलं थोडं पाणी भट्टीतला माल छतापर्यंत उडवू शकतं. म्हणून भंगाराला पक्कं छप्पर, भट्टीसमोर गटार नाही, फरशीचा उतार भट्टीपासून लांब, चार्ज आणि हत्यारं तापवून मगच आत. आणि इंडक्शनचं कॉइल पाण्यावर थंड होतं, तर लाइट गेल्यावर पंप बंद पडला तरी पाणी चालू राहील अशी उंचावरची टाकी पाहिजेच, हा खर्च कापायला कुणी सांगितला तर ऐकू नका, सासऱ्यांनी सांगितला तरी.

भट्टीचं लायनिंग (आतला उष्णता सोसणारा थर) सुकवायची आणि सिंटर करायची, म्हणजे तापवून घट्ट करायची, जी वेळ सप्लायरने दिलीय ती पूर्ण द्या. उद्घाटनाची तारीख छापून झालीय, पाहुणे येणारेत, म्हणून दोन दिवस आधी भट्टी पेटवली की लायनिंगचं आयुष्य गेलं. आणि अॅल्युमिनियमला अजून एक त्रास, ओलावा राहिला की त्यातून हायड्रोजन मेटलमध्ये जातो. वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये गोठण्याच्या जवळ घन अवस्थेच्या जवळपास 20 पट हायड्रोजन मावतो, तो गोठताना बाहेर पडायला बघतो आणि आत भोकं करून बसतो. पहिल्या काही हीटमध्ये डिगॅसिंग (मेटलमधला वायू काढणं) नेहमीपेक्षा जास्त वेळ करा आणि तो माल कडक गिऱ्हाइकाला पाठवू नका.

लॅब. स्पेक्ट्रो (मेटलमध्ये काय किती आहे ते मोजणारं मशिन) दोन्हीकडे असेल तर दोन्ही मशिनना एकच सर्टिफाइड सॅम्पल दाखवून जुळवून घ्या, आणि रोज एकाच हीटच्या सॅम्पलची चकती दोन्हीकडे फिरवा, निदान सुरुवातीचे काही महिने. स्पेक्ट्रोला लागणारा आर्गॉन वायू 99.999 टक्के शुद्धच, स्वस्तात दुसरा लावला की आकडे हलायला लागतात आणि भट्टीवाला आणि लॅबवाला भांडत बसतात. प्रत्येक हीटची चकती नंबर टाकून जपून ठेवा, तक्रार आली की तीच बोलते.

गिऱ्हाइकाला कधी सांगायचं? ताबडतोब, भट्टीची ऑर्डर देतानाच. मोटारगाड्यांच्या कंपन्यांकडे माल जात असेल तर जागा बदलली की सॅम्पल आणि कागदपत्रांचं अप्रूव्हल नव्याने घ्यायला लागतं, आणि त्यांना लागणारं आयएटीएफ 16949 या क्वालिटी स्टँडर्डचं सर्टिफिकेट जागेप्रमाणे असतं, जुन्या प्लांटचं नव्याला चालत नाही, आणि ते घ्यायला आधी तिथे खरं उत्पादन चालू असावं लागतं. म्हणजे सुरुवातीला भट्टी चालू पण मोठी गिऱ्हाइकं माल घेत नाहीत असा काळ येणारच. तो धरूनच कर्जाचा हप्ता ठरवा. आणि खेळतं भांडवल, बाबांनो, खेळतं भांडवल. भट्टीतला हील, यार्डातलं भंगार, तयार इनगॉट, गिऱ्हाइकाकडे अडकलेलं बिल, हे सगळं आता दोन ठिकाणी, आणि वर मेटलचा भाव रोज हलतो. बिल्डिंग आणि मशिनला लोन मिळालं म्हणून खूश होऊन भंगार घ्यायला पैसे नाहीत अशी वेळ बऱ्याच चांगल्या कंपन्यांवर येते.

घरातलं बोलणं अवघड असतं पण ते टाळून चालत नाही. नवीन प्लांटचा प्रमुख एकच माणूस, तो पुतण्या असो, मुलगी असो की बाहेरचा मॅनेजर. कुठल्या रकमेपर्यंतची खरेदी तो न विचारता करू शकतो ते लिहा. एका प्लांटमधून दुसऱ्याला माल गेला तर तो कुठल्या भावाने धरायचा तेही लिहा, नाहीतर वर्षाअखेरीस दोन भाऊ आपापल्या प्लांटचा फायदा दाखवत बसतील आणि खरं कुणालाच कळणार नाही. बँकेच्या गॅरंटीवर कोणाकोणाच्या सह्या आहेत आणि त्या बदल्यात हिस्सा कसा, हे सही करायच्या आधी ठरवा. काका शेडमध्ये येऊन परस्पर ऑर्डर देणार असतील तर त्यांना हळूच सांगायला घरातलंच माणूस लागतं, मॅनेजर ते सांगू शकत नाही.

सुरुवात सोप्या ग्रेडने करा, ज्याची मर्यादा ढिली आहे आणि ज्याची विक्री पक्की आहे. हीटमागून हीट केमिस्ट्री एकाच ठिकाणी येतेय असं दिसलं की मगच अवघड ग्रेड. या काळात जुना प्लांट पूर्ण ताकदीने चालू पाहिजे, त्याचा सगळ्यात चांगला माणूस कायमचा उचलून तिकडे नेऊ नका, आठवड्यातले ठरावीक दिवस न्या. आणि जुन्या भट्टीचं रिलायनिंग याच महिन्यांत येत असेल तर ते आधीच उरकून घ्या, कारण नवीन भट्टी स्थिर व्हायच्या आत जुनी बंद पडली तर गिऱ्हाइकाला द्यायला माल कुठूनच निघणार नाही.