फिरत्या शिल्पाची वायर पिळत होती, त्यावर केलेला उपाय

काळा घोडा महोत्सवासाठी टांगतं, उजळणारं शिल्प करत होतो. वाऱ्याने दांड्या एकाच दिशेला फिरत राहायच्या, वायर पिळायची आणि सोल्डर सुटायचं. मग वर स्लिप रिंग बसवली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. आतले ब्रश (वीज वाहून नेणारे संपर्क) फिरत्या कड्यांना टेकून वीज पोचवतात, त्यामुळे वायरला पीळ बसत नाही. वजन मात्र तिच्यावर अजिबात टाकू नका. त्यासाठी वेगळं बेअरिंग हवंच.

दुसरं दुखणं म्हणजे आरजीबी पट्टीचा (लाल, हिरवे, निळे एलईडी मिळून रंग देणारी पट्टी) पांढरा रंग शेवटाला तांबूस पडायचा. लांबीत व्होल्टेज उतरतं आणि निळ्या एलईडीला लालपेक्षा जास्त लागतं. १२ ऐवजी २४ व्होल्टची पट्टी घेतली (तेवढ्याच वॉटला करंट निम्मा) आणि दोन्ही टोकांना सप्लाय जोडला. जादा वायरमुळे तोल बिघडला, तो दांडी टांगायची कडी जरा सरकवून साधला.