काट्याचा सीरियल पोर्ट: ड्रायव्हरमध्ये एरर इंटरप्ट कसे हाताळायचे

उसाची गाडी काट्यावर चढली की इंडिकेटर वजन सीरियल पोर्टवर पाठवतो आणि ऑफिसातला कॉम्प्युटर पावती छापतो. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या साखर कारखान्यांत गळिताच्या हंगामात हे रात्रंदिवस चालतं. बेळगावच्या उद्यमबागेत जुन्या सीएनसी मशीनना प्रोग्रॅमही याच पोर्टवरून जातो. दोन्हीकडे आसपास मोठ्या मोटरी, वेल्डिंग आणि फौंड्रीची इंडक्शन फर्नेस असते, त्यामुळे वायरीवर गडबड होणारच. गडबड झाली की पोर्टची चिप एरर इंटरप्ट देते, म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरला हाक मारते. ड्रायव्हरने, म्हणजे चिप चालवणाऱ्या कोडने, तो नीट घेतला नाही तर मशीन लटकतं, नाहीतर चुकीचा अंक बरोबर म्हणून पुढे जातो. लटकलेलं मशीन निदान दिसतं. चुकलेला अंक शेतकऱ्याच्या पावतीवर बसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुढचं सगळं १६५५० जातीची सीरियल पोर्टची चिप, ती बसवलेलं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड आणि लिनक्स धरून लिहिलं आहे.

आधी बिटांची यादी

कोड लिहिण्याआधी डेटाशीट उघडा आणि प्रत्येक एरर बिटापुढे दोन गोष्टी लिहा: तो कशाने पुसला जातो, आणि तो आल्यावर बाइट खराब समजायचा की चिप. या चिपच्या लाइन स्टेटस रजिस्टरमध्ये (लाइनची अवस्था सांगणारा चिपमधला रकाना) बिट १ म्हणजे ओव्हररन (जागा नसल्याने बाइट हरवला), २ पॅरिटी (तपासणीचा बिट जुळला नाही), ३ फ्रेमिंग (बाइटच्या शेवटी स्टॉप बिट सापडला नाही), ४ ब्रेक, आणि ७ म्हणजे फिफोत, म्हणजे आलेल्या बाइटांच्या चिपमधल्या रांगेत, कुठेतरी खराब बाइट पडून आहे. बिट ० म्हणजे वाचायला डेटा आहे.

रजिस्टर वाचलं की एरर बिट पुसले जातात. ड्रायव्हरमध्ये दोन ठिकाणी ते वाचलं जात असेल, समजा एकदा इंटरप्टमध्ये आणि एकदा पाठवण्याचा बफर रिकामा झाला का हे बघायला, तर दुसऱ्या वाचनाने पहिल्याच्या वाट्याची चूक खाल्ली. म्हणून वाचन एकाच फंक्शनमधून करा, आणि लगेच न वापरलेले एरर बिट पोर्टच्या स्ट्रक्चरमध्ये साठवून पुढच्या वेळी मिळवा. लिनक्सचा ८२५० ड्रायव्हरही असंच करतो.

पॅरिटी, फ्रेमिंग आणि ब्रेक हे बिट फिफोच्या तोंडाशी असलेल्या बाइटचे असतात. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: आधी स्टेटस, मग बाइट, पुन्हा स्टेटस, पुन्हा बाइट. ओव्हररन मात्र त्या बाइटचा नसतो. फिफोतले सोळा बाइट शाबूत असतात, त्यांच्या मागून आलेला हरवलेला असतो. तो बिट बघून हातातला बाइट टाकून देणं चूक आहे.

ब्रेक सगळ्यात आधी तपासा. ब्रेकमध्ये लाइन सबंध बाइटभर खाली राहते, त्यामुळे फ्रेमिंगचा आणि कधी पॅरिटीचा बिटही सोबत लागतो. एकाच घटनेचे तीन आकडे वाढू नयेत म्हणून ब्रेक दिसल्यावर बाकीचे दोन पुसून टाका.

हँडलर

पोर्ट उघडताना आधी लाइन स्टेटस, डेटा, इंटरप्ट ओळख आणि मोडेम स्टेटस ही चारही रजिस्टरं एकदा वाचून शिल्लक राहिलेलं साफ करा. मग हँडलर, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन, नोंदवा, आणि त्यानंतरच इंटरप्ट एनेबल रजिस्टरमध्ये बिट ० आणि बिट २ लावा. बिट २ लाइन स्टेटसचा, म्हणजे एररचा. पीसीच्या रचनेत मोडेम कंट्रोलचा बिट ३, म्हणजे आउट-२, लावला नाही तर इंटरप्ट बाहेरच पडत नाही. सगळं बरोबर दिसत असूनही काहीच येत नसेल तर आधी हा बिट बघा.

हँडलरमध्ये पहिलं वाचन इंटरप्ट ओळख रजिस्टरचं. बिट ० एक असेल तर हा इंटरप्ट आपला नाही. इंटरप्टची लाइन इतर कार्डांबरोबर वाटून घेतलेली असेल तर ‘आयआरक्यू_नन’ (माझा नाही) परत करा. इथे सरळ ‘आयआरक्यू_हँडल्ड’ (मी घेतला) परत करायचा मोह टाळा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हे हिशेब ठेवतो: एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त कुणीच घेतले नाहीत तर ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश देऊन ती लाइनच बंद करतो. खोटं ‘हँडल्ड’ सांगितलं की हे संरक्षण जातं आणि एक प्रोसेसर कायमचा त्या वादळात अडकतो.

शेवटचे चार बिट हेक्स ६ असतील तर लाइन एरर. त्याचा अग्रक्रम सगळ्यात वरचा असल्याने डेटा आणि एरर एकत्र आले तरी आधी तोच दिसेल. मग वाचनाचा लूप चालवा, पण त्याला मर्यादा घाला. २५६ बाइट पुरेत. आणि लूपच्या प्रत्येक फेरीत स्टेटस हेक्स एफएफ आलं का ते बघा. कार्ड बसमधून गेलं की प्रत्येक वाचनाला सगळे बिट एकच येतात. त्यात ‘डेटा आहे’ हा बिटही येतो, त्यामुळे मर्यादा नसलेला लूप कधीच थांबणार नाही. एफएफ आलं की कुठलाही आकडा न वाढवता बाहेर पडा आणि पोर्टवर ‘गेला’ अशी खूण करा.

हँडलरमध्ये दुरुस्ती करू नका. म्यूटेक्स (वाट बघायला लावणारं कुलूप), झोप, ‘जीएफपी_कर्नल’ने मेमरी मागणं, चिप रीसेट करून वाट बघणं, हे सगळं वर्कक्यूमध्ये, म्हणजे नंतर सवडीने चालणाऱ्या कामांच्या रांगेत. हँडलरने ओळखायचं, मोजायचं, बाइटला खूण लावायची आणि निघायचं. आपलीच लाइन हँडलरमधून बंद करायची वेळ आली तर ‘डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक’ वापरा. साधं ‘डिसेबल_आयआरक्यू’ चालू हँडलर संपायची वाट बघतं, आणि तो हँडलर आपणच असतो.

लॉगबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वात जास्त नुकसान इथून होतं. ११५२०० बॉडला (सेकंदाला तितके बिट) एक बाइट दहा बिटांचा, म्हणजे ८७ मायक्रोसेकंदांचा. फिफोचा ट्रिगर, म्हणजे किती बाइट जमल्यावर इंटरप्ट द्यायचा तो आकडा, १४ वर ठेवला तर इंटरप्ट आल्यानंतर हाताशी फार तर पाव मिलिसेकंद उरतो. सीरियल कन्सोलवर ऐंशी अक्षरांची एक ओळ छापायला त्याच वेगाने सात मिलिसेकंद लागतात. म्हणजे ओव्हररनची तक्रार छापताना आणखी ओव्हररन होतात, त्यांच्याही तक्रारी छापल्या जातात, आणि पोर्ट कामातून जातो. म्हणून हँडलरमध्ये फक्त आकडे वाढवा. संदेश हवाच असेल तर ‘डेव्ह_एर_रेटलिमिटेड’, जो मुळात पाच सेकंदांत दहाच संदेश सोडतो. ट्रिगर ८ वर आणला तर बरीच उसंत मिळते. ९६०० बॉडला मात्र एक बाइट मिलिसेकंदाहून मोठा असतो. तिथे ओव्हररन दिसला तर ट्रिगरला दोष देऊ नका, दुसरा कुठलातरी कोड इंटरप्ट फार वेळ बंद ठेवतोय.

वादळ आलं तर

सैल कनेक्टर असला की फ्रेमिंग एररची रांग लागते. सेकंदाला शंभराच्या वर गेले तर इंटरप्ट एनेबलचा बिट २ काढून एरर इंटरप्ट बंद करा आणि एक सेकंदाने तो परत लावणारं काम वर्कक्यूला द्या. माहिती त्यामुळे हरवत नाही, कारण डेटा वाचताना प्रत्येक बाइटआधी आपण स्टेटस वाचतोच आहोत. इंटरप्ट एनेबल रजिस्टराला हँडलर आणि वर्क दोघंही हात लावतात, तेव्हा स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) हवा, आणि वर्कच्या बाजूला त्याचं ‘आयआरक्यूसेव्ह’ रूप, जे इंटरप्टही बंद ठेवतं.

कार्डच बिघडलं तर

पीसीआय एक्स्प्रेसच्या चुका वेगळ्या वाटेने येतात. सुधारता येणाऱ्या चुका हार्डवेअर स्वतः निस्तरतं. न सुधारणाऱ्या चुकांसाठी ड्रायव्हरने ‘पीसीआय_एरर_हँडलर्स’ भरावे लागतात. ‘एरर_डिटेक्टेड’मध्ये पोर्ट थांबवा, कार्ड डिसेबल करा आणि रीसेट मागा, अवस्था ‘कायमची बिघडली’ असेल तर ‘डिसकनेक्ट’ परत करा. ‘स्लॉट_रीसेट’मध्ये साठवलेली कॉन्फिगरेशन परत भरून कार्ड एनेबल करा. डेटाची वाहतूक ‘रिझ्यूम’मध्येच सुरू करा, त्याआधी नाही.

चूक वरपर्यंत पोहोचवा

बाइटला पॅरिटी किंवा फ्रेमिंगची खूण लावून तो टीटीवायकडे (लिनक्सचा टर्मिनल-पोर्टांचा थर) दिला, इथे ड्रायव्हर लिहिणारे थांबतात. पण वरच्या प्रोग्रॅमने ‘इनपीसीके’ (पॅरिटी तपासा असा फ्लॅग) लावलं नसेल तर ८२५० ड्रायव्हर पॅरिटी-फ्रेमिंगची खूण दुर्लक्षून तो बाइट साधा म्हणूनच देतो. आणि ‘सीएफमेकरॉ’ हे पोर्ट कच्च्या बाइटांसाठी लावणारं, सगळ्यांच्या सवयीचं फंक्शन ‘इनपीसीके’ लावत नाही, उलट ‘पारएमआरके’ (खराब बाइटला खूण करा) काढून टाकतं. म्हणून काट्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘सीएफमेकरॉ’नंतर हे दोन्ही फ्लॅग हाताने लावा आणि ‘इग्नपार’ (खराब बाइट गुपचूप टाका) बंद ठेवा. मग खराब बाइटच्या आधी एफएफ आणि शून्य असे दोन बाइट येतात. ती जोडी दिसली की वजनाची ती अख्खी ओळ टाका आणि पुढच्या ओळीची वाट बघा. खराब अंकाच्या जागी अंदाजाने काहीही भरू नका.

आकडे ‘प्रोक’खालच्या टीटीवाय ड्रायव्हरच्या ‘सीरियल’ फाइलमध्ये रूट म्हणून दिसतात: एफई (फ्रेमिंग), पीई (पॅरिटी), बीआरके (ब्रेक), ओई (ओव्हररन). दर पाच मिनिटांनी वेळेसकट नोंदवा. एफई फर्नेस सुरू असतानाच वाढत असेल तर दोष केबलचा किंवा अर्थिंगचा. काटा आणि ऑफिस यांत पंधरा मीटरहून जास्त अंतर असेल तर आरएस-२३२ सोडून दोन्ही टोकांना आयसोलेशन असलेलं आरएस-४८५ घ्या.

तपासणी

दोन पोर्ट उलट-सुलट जोडा: नऊ पिनी कनेक्टरवर २ ला ३, ३ ला २, ५ ला ५. एकीकडे इव्हन आणि दुसरीकडे ऑड पॅरिटी ठेवा, प्रत्येक बाइटला पीई वाढला पाहिजे. पॅरिटी काढून पाठवणारा ४८०० वर आणि घेणारा ९६०० वर ठेवून हेक्स ५५ पाठवा, म्हणजे फ्रेमिंग मिळेल. तिथे शून्य पाठवलं तर फ्रेमिंगऐवजी ब्रेक दिसेल आणि ते बरोबर आहे. ओव्हररनसाठी दोन्ही वेग सारखे करा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा, घेणाऱ्या पोर्टचे इंटरप्ट मास्क करून वीस बाइट पाठवा, मग मास्क काढा. पहिले सोळा बाइट शाबूत आणि ओई एकने वाढलेला, हे योग्य उत्तर. कार्डच्या चुकांसाठी कर्नलमध्ये एईआर (पीसीआय एक्स्प्रेसची चुका कळवण्याची सोय) इंजेक्शन चालू करून ‘एईआर-इंजेक्ट’ने घातक चूक घाला.

शेवटी, डेटा वाहत असताना मॉड्यूल शंभर वेळा काढून घाला. काढतानाचा क्रम असा: लॉक घेऊन ‘बंद’ची खूण, इंटरप्ट एनेबल शून्य, ‘फ्री_आयआरक्यू’, मग ‘कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक’, त्यानंतर मेमरी मॅपिंग सोडणं. वर्क आधी रद्द केलं तर चालू हँडलर ते पुन्हा रांगेत टाकू शकतो. आणि वर्कने ‘बंद’ची खूण बघितली नाही तर एक सेकंदाने ते इंटरप्ट पुन्हा चालू करेल, तेव्हा तो घ्यायला कुणी नसेल.