जुन्या हिमालयनचं सामान नव्या ४५०ला बसेल का? असं तपासा

पुण्याच्या नाना पेठेत अ‍ॅक्सेसरीज बसवण्याचं काम करतो. रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन ४११ विकून नवी हिमालयन ४५० घेतलेले बरेच जण जुनं सामान पोत्यात भरून आणतात आणि विचारतात, "दादा, हे लागेल ना?"

नाव एकच असलं तरी गाडी मुळापासून वेगळी आहे. २०१६ची ४११ हवा-ऑइलवर थंड होणारी. २०२३च्या ४५०ला चेसिस नवी, इंजिन ४५२ सीसीचं लिक्विड कूल्ड आणि पुढे रेडिएटर. म्हणून आधी बघा, वस्तू कशाला धरून बसते. चेसिसच्या किंवा इंजिनच्या बोल्टला धरणारं, म्हणजे क्रॅश गार्ड, बॅश प्लेट (इंजिनाखालची संरक्षक पट्टी), साइड रॅक, सरळ बाजूला काढा.

रॅकच्या बाबतीत लोक फार हट्ट करतात. मागचं होल कसंबसं जुळवलं की पुढचं बोटभर खाली राहतं. मग कुणीतरी सुचवतं, होल ग्राइंडरने लांबट करू, वर पट्टी वेल्ड मारू. हे करू नका. भरलेल्या बॅगांचं वजन प्रत्येक खड्ड्यात त्या बोल्टवर आपटतं. लांबट होलात बोल्ट सरकत राहतो आणि वेल्डच्या कडेला बारीक तडा जातो. तो रंगाखाली दिसतही नाही. क्रॅश गार्ड ठोकून वाकवून बसवणं त्याहून वाईट, कारण गाडी पडली की तो रेडिएटरवरच दाबला जाऊ शकतो. हिमाचलातल्या स्पितीच्या रस्त्यावर कूलंट सांडलं तर गाडी तिथेच उभी राहते.

पट्ट्यांनी बांधायच्या सॅडल बॅगा मात्र बिनधास्त वापरा. फक्त त्या भरा, मागे माणूस बसवा आणि मग सायलेन्सर आणि टायरपासूनचं अंतर बघा. रिकाम्या गाडीवर बघून उपयोग नाही, सस्पेन्शन दबल्यावरच खरं कळतं.

हँडलवरच्या वस्तूंसाठी क्लॅम्प बसणार तिथेच व्हर्नियर (जाडी मोजायचा कॅलिपर) लावा. २२ मिमीचा क्लॅम्प २८ मिमीच्या नळीवर ओढून बसवू नका. मोबाइल माउंट लावला की हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. केबल ताणायला नको, गोल डिस्प्ले झाकायला नको.

४११च्या हेडलाइटचा एच४ बल्ब इथे कामाचा नाही, ४५०ला एलईडी आहे. जुने फॉग लाइट चालतील, पण माउंट नवा घ्या आणि वायरिंग बॅटरीवरून फ्यूज-रिले टाकून स्वतंत्र करा. कंपनीची वायर सोलून जोड मारू देऊ नका, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

स्पेअर ट्यूबचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढचा टायर दोन्ही गाड्यांना ९०/९०-२१, त्यामुळे ती ट्यूब ठेवा. मागचा १२०/९०-१७ होता, आता १४०/८०-१७ आहे. मागची ट्यूब नवी घ्या. तुमची गाडी ट्यूबलेस स्पोक व्हीलची असेल तर सोबत पंक्चर किट हवंच.

उरलेलं गार्ड-रॅक भंगारात देऊ नका. ४११ चालवणारे अजून भरपूर आहेत आणि चांगला सेट ते शोधतच असतात. नटबोल्ट आणि स्पेसर त्याच पिशवीत बांधून द्या, त्यांच्याशिवाय गिऱ्हाईक घेत नाही.