इलेक्ट्रिक माउंटन बाइकची चेन आणि कॅसेट अधिक काळ कशी टिकवावी

साध्या माउंटन सायकलवर चेनला केवळ स्वाराच्या पायांचा जोर सोसावा लागतो. पेडलांच्या धुरीपाशी मोटर बसवलेल्या इलेक्ट्रिक बाइकवर मात्र त्याच चेनमधून मोटरचा जोरही मागच्या चाकाकडे जातो, आणि तो किती असतो याचा एकदा हिशेब केला म्हणजे पुढच्या बहुतेक सूचनांचे कारण आपोआप लक्षात येते. सध्याच्या अनेक मोटरींचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पेडलांपाशी असलेल्या दातेरी चकतीला, म्हणजे चेनरिंगला, ३४ दाते असतील, तर तिची त्रिज्या साधारण ६९ मिलिमीटर भरते. म्हणजे मोटर पूर्ण जोरात असताना एकट्या तिच्यामुळे चेनवर सुमारे १,२३० न्यूटनचा, जवळजवळ १२५ किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. पायांचा जोर त्याहून वेगळा. मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मध्यभागी, मोटर असलेल्या बाइकला हे लागू नाही, कारण तिथे मोटरचा जोर चेनमधून जातच नाही.

चेन ‘ताणली गेली’ असे आपण म्हणतो खरे, परंतु पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि ती ज्या कडीत फिरते ती कडी एकमेकींवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक निर्माण होते. दोन पिनांमधले मूळ अंतर १२.७ मिलिमीटर असते; ०.५ टक्के झीज म्हणजे त्यात दर सांध्यामागे सरासरी ०.०६ मिलिमीटरची, जेमतेम केसाच्या जाडीएवढी भर. दिसायला ही क्षुल्लक वाटते, पण लांबलेल्या चेनचे रोलर दात्यांच्या बुडाशी न बसता वर सरकतात, भार मोजक्याच दात्यांवर एकवटतो आणि ते दाते हळूहळू त्या बिघडलेल्या लांबीला जुळतील असे घासले जातात. कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, चेनपेक्षा कितीतरी महाग असते. म्हणून माझ्या मते चेन ही वेळेवर टाकून द्यायची वस्तू आहे, जपायची आहे ती कॅसेट.

सर्वांत मोठा फरक गिअर बदलण्याच्या सवयीने पडतो, आणि त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. गिअर बदलत असताना चेन काही क्षण दोन चकत्यांवर एकाच वेळी असते. एका चकतीवरून दुसरीवर चढण्यासाठी दात्यांच्या बाजूला खास उतार कोरलेले असतात आणि चेन त्या उतारांपाशी पोहोचेपर्यंत तिच्यावर ताण कमी असावा, अशी त्यांची रचना असते. मोटर जोरात ओढत असतानाच शिफ्टर, म्हणजे हँडलवरची गिअर बदलण्याची कळ, दाबला, तर खाडकन आवाज होतो. तो आवाज म्हणजे चेनच्या पट्ट्या आणि दात्यांच्या कडा यांच्यावर बसलेला घाव. शिवाय काही मोटरी पाय थांबल्यावरही क्षणभर जोर देत राहतात, त्यामुळे पाय हलका केल्याबरोबर लगेच शिफ्टर दाबणेही पुरेसे नसते. यावर उपाय असा, की चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर घ्यावा. चढावरच बदलावे लागले, तर आधी एक-दोन फेरे जोरात मारून थोडा वेग मिळवावा, मग पेडल फिरते ठेवून पायाचा दाब जवळजवळ काढून घ्यावा, मोटर सैल झाल्याचे जाणवले की एकच गिअर बदलावा आणि चेन नीट बसल्यावर पुन्हा जोर लावावा. एका दमात तीन-चार गिअर ओलांडण्याचा मोह इथे महागात पडतो. काही प्रणाली गिअर बदलताना मोटरचा जोर आपणहून कमी करतात. तशी सोय असली तरी ही सवय सोडू नये.

थांबण्यापूर्वी हलका गिअर घेण्याचे तर अनेक जुन्या स्वारांनाही भान राहत नाही. डिरेलर म्हणजे चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा. ती उभ्या बाइकवर गिअर बदलत नाही, म्हणून जड गिअरमध्ये थांबलेला स्वार निघताना टर्बोसारख्या सर्वांत जोरकस पातळीवर मोटरला हाक देतो, आणि नेमका त्याच वेळी चेनवर सर्वाधिक ताण येतो. मदतीची पातळी निघताना एक पायरी खाली ठेवावी.

पेडल मिनिटाला साधारण ७० ते ९० फेरे फिरतील असा गिअर निवडावा. तेवढीच शक्ती हळू फिरणाऱ्या पेडलांतून काढायची म्हटली, की टॉर्क आणि त्याबरोबर चेनवरचा ताण वाढतो. सपाटीवर मोटरच्या भरवशावर सर्वांत छोट्या, १० किंवा ११ दात्यांच्या चकतीवर बसून राहणे हा इलेक्ट्रिक बाइकवाल्यांचा खास दोष आहे. छोट्या चकतीवर भार वाटून घ्यायला दाते कमी असतात, आणि चेनचा प्रत्येक सांधाही तिच्यावरून जाताना अधिक कोनात वळतो. कॅसेटच्या मधल्या चकत्या वापराव्यात. तिथे चेन सरळ रेषेतही धावते.

धूळ आणि चिखल यांचे तेलाशी मिश्रण झाले, की ते घासणाऱ्या पॉलिश पेपरसारखे काम करते. त्यामुळे चेनवर भरपूर तेल असणे म्हणजे चांगली काळजी, हा समज चुकीचा आहे. तेल रोलरच्या आत, पिनपाशी हवे. बाहेरच्या पट्ट्यांवरचे तेल केवळ माती धरून ठेवते. प्रत्येक फेरीनंतर कोरड्या कापडाने चेन पुसावी. सखोल सफाईपूर्वी बाइकची यंत्रणा बंद करावी, शक्य असल्यास बॅटरी काढावी, मागचे चाक उचलून धरावे आणि पेडल हाताने पुढे फिरवत डिग्रीझर (ग्रीस काढणारे द्रावण) व ब्रश वापरावा. काही मोटरींवर पेडल उलटे फिरवले तर चेनरिंग फिरतच नाही. बोटे चेनरिंग आणि आऱ्यांपासून दूर ठेवावीत. चेन पूर्ण वाळल्यावर प्रत्येक रोलरवर एकेक थेंब वंगण सोडावे, चेन काही वेळ फिरवावी, थोडे थांबावे आणि मग बाहेरचे सगळे पुसून काढावे. फवाऱ्याचे वंगण डिस्कवर उडाले तर ब्रेकच धोक्यात येतात, म्हणून मी थेंबाच्या बाटलीलाच पसंती देतो. उच्च दाबाच्या पाण्याची नळी बेअरिंग आणि मोटरच्या सीलवर कधीही रोखू नये. कोरड्या हवामानात मेणाचे वंगण चेन स्वच्छ ठेवते, पण त्याआधी कारखान्यातले ग्रीस पूर्ण काढावे लागते, आणि पावसाळी फेरीनंतर मेण लवकर पुन्हा द्यावे लागते.

झीज डोळ्यांनी ओळखता येत नाही, ती मोजावीच लागते. चेन मापण्याचे साधन स्वस्त असते आणि ते नसेल तर पोलादी पट्टीही चालते: चेन ताणून धरली, की एका पिनेच्या मध्यापासून तिच्या पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर असते, ०.५ टक्के झिजलेल्या चेनमध्ये ते सुमारे ३०६.३ होते. अकरा आणि बारा गिअरच्या चेन साधारण ०.५ टक्क्याला बदलाव्यात, नऊ-दहा गिअरच्या ०.७५ टक्क्यापर्यंत चालतात. स्रॅम कंपनीने आपल्या बारा गिअरच्या ईगल चेनसाठी ०.८ टक्के मर्यादा दिली आहे, तेव्हा आपल्या चेनच्या उत्पादकाचा आकडा आधी पाहावा. दर दोन-तीन आठवड्यांनी मोजणे पुरेसे ठरते. नियमित मोजणाऱ्याला एका कॅसेटवर दोन-तीन चेन वापरता येतात. कोणी तीन चेन आलटून पालटून लावतात, म्हणजे चेन आणि कॅसेट बरोबरीने झिजतात. मला ती पद्धत आवडते, पण तिला शिस्त लागते.

कॅसेट घेताना वजनापेक्षा धातू पाहावा. वजन कमी करण्यासाठी मोठ्या चकत्या ॲल्युमिनियमच्या करतात, आणि चढावर नेमक्या त्याच ओढल्या जातात. इलेक्ट्रिक बाइकवर पोलादी चकत्यांचे थोडे जास्त वजन मोटर सहज उचलते. स्रॅमने २०१६ मध्ये आठ गिअरचा ईएक्स-१ हा संच खास इलेक्ट्रिक माउंटन बाइकसाठी आणला. शिमानोने २०२१ मध्ये लिंकग्लाइड हा अधिक टिकाऊ संच आणला. त्याचे आयुष्य शिमानोच्याच नेहमीच्या हायपरग्लाइड संचाच्या तिप्पटपर्यंत असल्याचा कंपनीचा दावा आहे, मात्र त्याला त्याच पद्धतीचे शिफ्टर व डिरेलर लागतात.

नवी चेन लावताना पूर्ण सस्पेन्शनच्या बाइकवर तिची लांबी सस्पेन्शन दबल्यावर मागची धुरी जिथे सर्वाधिक दूर जाते त्या स्थितीत तपासावी. चेनची टोके जोडणारे क्विक लिंक अकरा-बारा गिअरच्या चेनवर बहुधा एकदाच वापरायचे असतात. पहिल्या चढावर प्रत्येक चकतीवर जोर देऊन पाहावे. चेन एखाद्या चकतीवरून उडी मारत असेल, तर ती चकती झिजलेली आहे आणि नव्या चेनबरोबर ती जुळणार नाही. एकदा मी हे दुर्लक्षून आठवडाभर चालवले आणि नवी चेनही त्या जुन्या कॅसेटने खराब केली.