तपसाधनेला निघताना

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की आमच्या वसईच्या धर्मग्रामांतून (म्हणजे चर्चच्या पॅरिशमधून) खंडाळा-लोणावळ्याकडे तपसाधनेला, म्हणजे मौनात राहून प्रार्थना-मनन करायला, जाणाऱ्यांची नावनोंदणी सुरू होते. शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारच्या जेवणाला संपणारी, म्हणजे जेमतेम दोन रात्रींची. बॅग भरायला अर्धा तास पुरतो. वेळ लागतो तो मागे काय ठेवायचं हे ठरवायला, म्हणून तयारी बुधवारपासूनच करा. विजेचं बिल, कुणाला द्यायचं राहिलेलं उत्तर, शनिवारी येणारा प्लंबर, सगळं आधी मार्गी लावा. तिथल्या ऑफिसचा नंबर कागदावर लिहून घरी फ्रिजवर चिकटवा, कारण तुमचा मोबाइल बंद असणार आहे.

मोबाइलचं नीट सांगतो. पहिल्या वेळी मी तो 'फक्त घड्याळासाठी' खिशात ठेवला. शनिवारी पहाटे वेळ बघायला काढला, तर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाण्याच्या टाकीच्या खर्चावरून जुंपलेली! पुढची दोन्ही मनन-सत्रं मी मनातल्या मनात त्या टाकीचा हिशेब करत घालवली. तेव्हापासून बॅगेत पहिलं जातं ते हातातलं साधं घड्याळ.

मग बायबल. घरचं जाडजूड नको, खुणा करायला संकोच वाटणार नाही असं वापरातलं घ्या. एक कोरी वही आणि दोन पेनं. जपमाळ. स्वेटर आणि मोजे घ्याच. फेब्रुवारीत दुपारी घाम आला तरी घाटमाथ्यावर पहाटे गारठा असतो. औषधं मोजून दोन दिवस जास्तीची. मधुमेह असेल तर नावनोंदणी करतानाच सांगा, ऐनवेळी स्वयंपाकघरात धावपळ नको. जेवण साधं असतं. डब्यात तळलेले बोंबील आणणारं कुणीतरी दरवर्षी निघतंच. खोली दोघांत असते, एवढंच म्हणतो.

मौन म्हणजे नुसतं न बोलणं, असं वाटतं. पण रात्री दहाला कॅरिडॉरमधून फटक फटक जाणारी रबरी चप्पल आणि बिस्किटाच्या पुड्याची चुरचुर ही दोन माणसांच्या गप्पांपेक्षा मोठी ऐकू येतात. मऊ तळव्याची चप्पल आणा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांऐवजी कापडी. खाऊ घरीच पुड्यातून काढून डबीत भरा.

बहुतेक ठिकाणी मनन संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधने'च्या वळणाने चालतं. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला हा सैनिक, पुढच्या वर्षी मान्रेझा गावात राहून स्वतःच्या प्रार्थनेतले अनुभव टिपू लागला. त्यातून तयार झालेलं पुस्तक 1548 मध्ये छापलं गेलं. मूळ साधना साधारण तीस दिवसांची. आपल्या दोन रात्री म्हणजे तिची चव. त्यातल्या दोन सूचना जाण्याआधी घरीच करून बघण्यासारख्या आहेत. एक, गुडघे टेकून, बसून, उभं राहून, अगदी पाठीवर पडूनही प्रार्थना करावी, आणि जिथे मन लागलं तिथून हलू नये. गुडघेदुखीवाल्यांनी हे वाचून सुटकेचा श्वास सोडावा आणि एक छोटी उशी बॅगेत टाकावी. दुसरी, मन कोरडं पडून तास आखडता घ्यावासा वाटला, तर उलट थोडं जास्तच बसावं. घरी रोज रात्री पंधरा मिनिटं, टीव्ही बंद करून, बसून बघा. पहिल्या दिवशी पाचव्या मिनिटाला उठाल.

कुमसाराची, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं कबूल करण्याची, तयारी मात्र तिथल्या रांगेत उभं राहून होत नाही. गुरुवारी रात्री वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढा, काय केलं आणि काय करायचं टाळलं. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब निघते, निदान माझी तरी. पापनिवेदन झालं की ते पान फाडून टाका.

शुक्रवारी ऑफिसातून थेट पळत येऊ नका, जमल्यास अर्धी रजा टाका. दमून आलेला माणूस पहिल्या प्रवचनाला पेंगतो आणि त्याबद्दल शनिवारभर स्वतःवर चिडतो. खंडाळ्याला फार थोड्या गाड्या थांबतात, तेव्हा दादरहून लोणावळ्याचं तिकीट काढून पुढे रिक्षा करा.

रविवारी संध्याकाळी लग्न, बारसं, पाहुणे काहीही ठरवू नका. मोबाइल सुरू केलात की घरी 'निघालो' एवढं कळवा, आणि ग्रुप उघडायचा तो वसई रोडला उतरल्यावर.